खिडकीखालची पोकळ जागा

गुणवंतकाका कोणाच्याही घरी गेले की दारावर नाही, भिंतीवर टकटक करत. उजव्या हाताचं मधलं बोट मोडून, त्याच्या सांध्याने, दोनदा. मग मान थोडी तिरकी करून थांबत. चहा येईपर्यंत त्यांची खोलीची एक बाजू वाजवून झालेली असे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीला गेले तेव्हाही त्यांनी मुलाकडची भिंत वाजवून पाहिली होती आणि घरी येऊन काकूंना सांगितलं होतं, "पोरगं बरं आहे, पन घराच्या पलस्तरात रेतीच लय आहे." लग्न झालं. त्या घराचं पलस्तर पुढे खरोखर पडलं. जावयाचं नुकसान झालं होतं, तरी काका ही गोष्ट मोठ्या आनंदाने सांगत.

मी रोहण्याहून बी.ए. करायला आले तेव्हा वर्ध्याजवळ सावंगीत त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. भाड्याची खोली कशी पाहतात, काय विचारतात, हे मला माहीत नव्हतं आणि माझ्या बाबांनाही नव्हतं. बाबा चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. काकांनीच मग खोली आमच्या वतीने पाहिली. खिडकीखाली बसले, टकटक केलं आणि म्हणाले, "इथं खिळा नको ठोकू, पोरी. आतून पोकळ आहे. दाराकडं ठोक. तिकडं पक्कं आहे."

मी मान हलवली.

"समजला का फरक?"

"हो."

"काय समजला? वाजवून पाय."

मी वाजवलं. मला दोन्हीकडे सारखंच ऐकू आलं. काकांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. त्यांनी मला खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत वाजवत फिरवलं. शेवटी खिडकीखाली रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखं आणि दाराजवळ भरल्या पोत्यावर वाजवल्यासारखं ऐकू आलं तेव्हा सोडलं. मग बाबांनीही वाजवून पाहिलं. परत जाताना बस स्टँडवर बाबा म्हणाले, "आपल्या घरातली पोकळ जागा सोताहून दाखोते, मानूस बरा आहे." खोली त्यावरच पसंत झाली.

काका भाडेकरूंना गावाच्या नावाने हाक मारत. मी रोहणा. माझ्या आधी त्या खोलीत एक हिंगणघाट होती आणि तिच्या आधी एक समुद्रपूर. गिऱ्हाइकं मात्र त्यांना भिंतींवरून आठवत. "तो डॉक्टर नाई का, ज्याच्या भिंतीतून नुसता विटकरीचा चुरा निघते," असं ते म्हणत आणि काकूंनाही नेमका डॉक्टर समजे.

त्यांचं काम मला आधी नीट कळत नव्हतं. हल्ली नव्या घरांमध्ये लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची जमीन करतात, वुडन फ्लोअरिंग म्हणतात तिला. फळ्या टाकणारी मुलं वेगळी. ती भराभर फळ्या जोडून जात. काका त्यानंतर जाऊन भिंतीच्या तळाशी पट्टी बसवत. बस, एवढंच. वर्ध्यातल्या एका दुकानाचे शेठ त्यांना कामावर पाठवत आणि ड्रिल मशीनही दुकानाचीच होती. मी एकदा विचारलं की पट्टीसाठी वेगळा माणूस कशाला लागतो. काकांनी पुढच्या खोलीत मला बसायला लावलं आणि समजावलं. या फळ्या खाली कशालाच चिकटवलेल्या नसतात. दमट हवेत त्या फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून भिंतीपाशी बोटभर जागा रिकामी सोडावी लागते. ती फट झाकायला पट्टी. पट्टी फळीवर नुसती टेकते, पण अडकवायची भिंतीत. भिंतीत भोक पाडायचं, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, गिट्टीत स्क्रू. भिंत पोकळ असली तर गिट्टी जागेवर नुसती फिरते आणि पट्टी महिनाभरात सुटते.

"लोक काय करतात, भिंत नाई धरत म्हनून पट्टी खाली फळीलेच ठोकतात," ते म्हणाले. "मंग पावसाळ्यात फळीनं जावं कुठं? उठते मंग ती. नागासारखी उठते."

पुढच्या खोलीत त्यांनी स्वतः वेगवेगळ्या कामांवरून उरलेल्या फळ्या टाकल्या होत्या. एक पिवळी, एक काळपट, एक लालसर. काकू त्या जमिनीला 'भिकाऱ्याची गोधडी' म्हणत. काकू म्हणजे विमलकाकू. त्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या करायला जात. त्या जमिनीचा त्यांनी एक उपयोग शोधून काढला होता. काका दिवाणावर बसलेले असले आणि काही सांगायचं असलं की त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून फळीवर टाच आपटत. फळ्या मोकळ्या असल्यामुळे हादरा थेट दिवाणापर्यंत जाई आणि काका वळून पाहत. मला वाटायचं, नवऱ्याला नावाने कशी हाक मारायची म्हणून ही जुनी रीत असेल. तसं नव्हतं हे कळायला मला बरेच दिवस लागले.

एकदा ते कारंजाला कामाला गेले होते, हायवेवरच्या एका ढाबेवाल्याच्या नव्या घरी. आल्यावर जेवताना म्हणाले, "आता ट्रक लय कमी झाले कारंजाले. पयले किती आवाज राहे."

काकूंनी पोळी तव्यावरच ठेवली. "तुमच्या समोरून जाऊन राह्यले होते का नाई ट्रक?"

"जाऊन राह्यले होते ना."

"मंग कमी कसे झाले?"

काकांनी ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला. "नवीन इंजिन असन," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते विहारात वंदनेला जात. कधी कधी मीही त्यांच्यासोबत जाई. सगळे एका सुरात म्हणत. काकांचा आवाज जाड आणि चांगला होता, लहान मुलं त्यांच्या आवाजाला धरूनच म्हणत. हळूहळू तो आवाज अर्ध्या ओळीने मागे पडू लागला. सगळे थांबले तरी ते एकटे डोळे मिटून पुढे म्हणत राहत. मागच्या बाया पदर तोंडाला लावत. एकदा समोरचा एक मुलगा मोठ्याने हसला. काकांनी डोळे उघडले, सगळ्यांचे हात खाली आलेले पाहिले आणि तेही हसले. त्या दिवसापासून ते वंदनेत नुसते ओठ हलवू लागले. मुलं मग कोणाच्याही आवाजाला धरेनात, आपापल्या गतीने म्हणू लागली.

मुलीचा फोन आला की ते "हाव, हाव, बरं, हाव" म्हणत आणि फोन काकूंकडे देत. ती काय म्हणाली हे नंतर काकूंना विचारत. "हाव", म्हणजे हो, हा त्यांचा शब्दच झाला होता. समोरच्याचे ओठ थांबले की मान हलवायची आणि हाव म्हणायचं. बहुतेक वेळा ते चालून जाई. माणसं तसंही हाव ऐकायलाच बोलत असतात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एकदा मी कॉलेजातून लवकर आले तर काका माझ्या खोलीत, खिडकीखाली गुडघ्यावर बसले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली होती आणि टोक भिंतीला टेकवलं होतं. एका हाताने ते भिंतीवर टकटक करत होते. मला पाहून त्यांनी तो चटकन खिशात घातला.

"दातानं समजते जरासं," ते म्हणाले. हे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. मी काही बोलले असते तरी त्यांना कळलं नसतं.

दवाखान्यात जाऊ असं मी सुचवलं तेव्हा मला फार संकोच वाटला. मी कोण त्यांची? पण काकूंनी दुसऱ्याच दिवशी मेसमधून सुट्टी काढली आणि म्हणाल्या, "तू शिकली आहे, तू चाल संगं. मले तिथलं कायच समजत नाई." मलाही काही समजत नव्हतं. सावंगीतल्या मोठ्या दवाखान्यासमोरून मी रोज जायची, पण आत कधी गेले नव्हते. आम्ही तिघं तीन खिडक्यांवर विचारत फिरलो.

काकांना काचेच्या एका बंद खोलीत बसवलं. कानांवर मोठे हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पलीकडे मशीनपाशी एक मुलगी बसली होती, माझ्याच वयाची असेल. काका भराभर बटण दाबू लागले. काकूंचा चेहरा उजळला. पण ती मुलगी थोड्या वेळाने उठली, आत गेली आणि तिने काकांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. काका काचेतून तिचा हात पाहून दाबत होते.

खुर्ची फिरवल्यावर मला फक्त त्यांची पाठ आणि बटणावर ठेवलेला अंगठा दिसत होता. मुलगी मशीनवर काहीतरी करत होती. अंगठा तसाच होता. मध्येच तो थोडा हलला, मला वाटलं दाबतील, पण त्यांनी तो नुसता घट्ट धरला. काकूंनी माझा दंड पकडला होता. अंगठा शेवटपर्यंत फारसा हलला नाही.

डॉक्टर तरुण होते आणि चांगलं बोलले. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काकांना दाखवलं की मशीनच्या आवाजाने आतली नस गेली आहे, ती परत येणार नाही आणि ड्रिल बंद केली नाही तर उरलेलंही जाईल. काकांनी तो कागद नीट वाचला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मानसाचं नाई ऐकू आलं तरी चालन. भिंतीपुरतं राहू द्या."

डॉक्टरांनी कानात घालायच्या यंत्राची चिठ्ठी दिली. यंत्र यायला वेळ लागला. ते आलं त्या दिवशी काका माझ्या खोलीत आले, ते कानात घातलं, खिडकीखाली वाजवलं, दाराजवळ वाजवलं. मग बाहेर जाऊन पातेल्यावर, त्यांच्या भाषेत गंजावर, वाजवलं. "सगळं डब्यात बोलल्यासारखं लागते," ते म्हणाले. "भिंत बी डबा, गंज बी डबा." ते यंत्र मग खिशातच राहू लागलं. ड्रिल लावली की त्यातून शिट्ट्या येत, म्हणून कामावर ते घालतच नसत.

काम त्यांनी सोडलं नाही. काकू रागावल्या, बोलायच्या बंद झाल्या. पण बोलायच्या बंद झाल्या आहेत हेही त्यांना टाच आपटून सांगावं लागलं. काका म्हणाले, "सोडून करू काय? बसून राहू? मले दुसरं काय येते?" शेठला कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी आम्हा दोघींकडून कबूल करून घेतलं. शेठला कळलं की काम गेलं, हे आम्हालाही दिसत होतं. रोज सकाळी ते निघाले की काकू फाटकापर्यंत जात, रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या मोपेडकडे पाहत आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडेही पाहत.

एके दिवशी काका डबा विसरले. काम वर्ध्यात, माझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये होतं, म्हणून काकूंनी डबा माझ्याकडे दिला. फ्लॅट एका शाळेतल्या मॅडमचा होता. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आतल्या खोलीत आहेत तुमचे काका. मोठे मन लावून करतात हो. सकाळी मी सांगितलं त्यांना, या भिंतीतून गीझरची नवीन लाइन घेतली आहे, तेवढं पाहा. हाव म्हणाले."

मी आत गेले. फळ्या नुकत्या टाकलेल्या, चकचकीत. काका पलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरे बसून गिट्टी ठोकत होते. मागच्या भिंतीची पट्टी बसवून झाली होती. मला आधी वाटलं, कुठे कुकर लावला आहे. बारीक, सतत सीऽऽ असा आवाज येत होता. तो पट्टीच्या मागून येत होता. पट्टीखालून पाण्याची एक धार निघून फळीच्या कडेने फटीत उतरत होती आणि तिथे गोळा न होता आतच जात होती.

"काका," मी म्हणाले. मग ओरडले. ते गिट्टी ठोकत राहिले. मी धावले, तसा फळ्यांना हादरा बसला आणि ते वळले. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"आली का रोहणा? डबा आनला वाटते."

मी बोट दाखवलं. ते गुडघ्यांवरच सरकत तिथे गेले. पट्टीवर तळहात ठेवला, मग कान ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात विचारलं, "वाजून राह्यलं का?"

"हाव, काका," मी म्हणाले आणि मानही हलवली.

मॅडम आल्या, त्यांनी वर जाऊन पाणी बंद केलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, पण परत परत तेच म्हणत होत्या, "मी सांगितलं होतं ना हो यांना. हाव म्हणाले होते." त्यांनी शेठला फोन लावला. शेठ येईपर्यंत काकांनी पट्टी काढली आणि फळ्या एकेक करून उचलून भिंतीला उभ्या करून ठेवल्या. खालचा फोमचा थर भिजून जड झाला होता. फळ्यांच्या कडा तेवढ्यात फुगल्या होत्या. त्या परत एकमेकींत बसणार नव्हत्या. काकांनी एक फळी हातात धरून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ती पुसायला स्वतःचा दुपट्टा काढला. मी म्हणाले राहू द्या, ते पुसत राहिले.

शेठ आले. ते आधी रागात होते. पण त्यांनी काकांना दोन प्रश्न विचारले, दोन्हींना काका "हाव" म्हणाले, आणि दुसरा प्रश्न असा होता की तुम्हाला मॅडमनी काय सांगितलं होतं. शेठ मग माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

कधीपासून हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

शेठनी ड्रिल मशीनची वायर स्वतःच गुंडाळली. काकांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "काका. तुमच्यासारखी पट्टी. माह्याकडं. कोनीच नाई बसवत." मग मशीन पेटीत ठेवून पेटी स्वतःच्या हातात घेतली. काकांनी त्यांचे ओठ वाचले असावेत, ते हसलेही. पण डोळे पेटीकडे होते. पेटी जिन्याने खाली जाईपर्यंत ते दारात उभे राहिले. डबा त्यांनी घरी आणून खाल्ला.

त्यानंतर ते घरीच असत. शेठनी दुसरं काम पाहतो म्हटलं होतं, पण दुकानातल्या कामात गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं आणि गोदामात गाड्या मागे घेतात, हाक ऐकू आली नाही तर माणूस चिरडतो. त्यामुळे ते राहिलं. काकूंनी मेसमध्ये संध्याकाळच्याही पोळ्या घेतल्या. काका दिवाणावर बसत, ऊन आलं की ओट्यावर बसत. गल्लीतली माणसं सुरुवातीला थांबत, बोलत. मग हात वर करून पुढे जात. पुढे पुढे हातही वर होईना. वंदनेला जाणं त्यांनी बंद केलं.

सकाळी मी कॉलेजला निघायच्या आत मात्र ते माझ्या दारात येत. "येऊ का?" विचारत. खिडकीखाली वाजवत, दाराजवळ वाजवत, थोडं थांबत आणि परत जात. ऐकू येणं थोडं तरी परत आलं का, ते पाहायला. रोज. मी एकदा काकूंना म्हणाले की त्यांना समजवा, डॉक्टरांनी सांगितलं आहे. काकू पीठ मळत होत्या. "तेवढंच काम आहे त्याहिले," त्या म्हणाल्या. "करू दे."

माझा निकाल लागला आणि मी खोली सोडली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. बरेच दिवस पडून त्या दिवशी उघडलं होतं. पुढे काय करायचं ते माझं ठरलेलं नव्हतं, अजूनही नाही. मी पेटी भरत होते. दाराजवळच्या खिळ्यावरून कॅलेंडर काढलं. काका आले. त्यांनी विचारलं नाही, सरळ खिडकीखाली बसले आणि वाजवलं. मला स्पष्ट ऐकू आलं, रिकाम्या डब्यासारखं. मग दाराजवळ वाजवलं. भरल्या पोत्यासारखं. त्यांनीच शिकवलेला फरक, आता मला झोपेतही कळला असता.

ते माझ्याकडे वळले. "दोन्हीकडं सारखंच लागते आता," ते म्हणाले. "भिंत भरून आली वाटते. घर पक्कं झालं माह्यं."

ते हसले, म्हणून मीही हसले. ते परत खिडकीपाशी गेले, गाल भिंतीला लावला, डोळे मिटले आणि वाजवू लागले.

काकू मेसमध्ये गेल्या होत्या. मी बॅग खांद्यावर घेतली, पेटी उचलली आणि अंगणात आले. मला वाटलं होतं ते मागून बाहेर येतील. आले नाहीत. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. टकटक ऐकू येत होतं, एकदा पोकळ, मग थोडं सरकून परत पोकळ. "येते, काका," मी म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग काकूंसारखी टाच आपटली.

अंगणात काळी माती आहे. पावसाने ती लोण्यासारखी झाली होती. पाय घोट्यापर्यंत आत गेला, काहीच वाजलं नाही. मी तो ओढून काढला, चप्पल आतच राहिली, ती हाताने काढली. फाटक लावताना परत एकदा पाहिलं. ते अजून वाजवत होते.